छायाचित्राची जागा

२२ मार्च २०१० रोजी ढाक्यातील धानमंडी भागात एका कलादालनाच्या दारासमोर पोलीस उभे होते. आत प्रदर्शन मांडून तयार होते. उद्‌घाटनासाठी ज्येष्ठ बंगाली लेखिका महाश्वेतादेवी कोलकात्याहून मुद्दाम आल्या होत्या. पोलिसांनी दार अडवले आणि कोणालाही आत जाऊ दिले नाही. अखेर महाश्वेतादेवींनी दालनाबाहेर रस्त्यावरच, जमलेल्या गर्दीच्या साक्षीने, न दिसणाऱ्या प्रदर्शनाचे उद्‌घाटन केले.

ज्या छायाचित्रांसाठी एवढा बंदोबस्त लागला, त्यांत मृतदेह नव्हते. गोळी झाडणारा गणवेशातील माणूसही नव्हता. विजेरीच्या झोतात अर्धवट उजळलेले भाताचे शेत, एक गमछा, रात्रीच्या काळोखात कोणाची चाहूल नसलेल्या जागा, असे त्या चित्रांचे विषय. प्रदर्शनाचे नाव मात्र 'क्रॉसफायर' होते आणि त्या एका शब्दाने प्रत्येक चित्राचा अर्थ बदलत होता. छायाचित्रकार होते शहिदुल आलम. दालनही त्यांनीच उभारलेल्या 'दृक' या संस्थेचे होते.

आलम यांची ओळख करून देताना बहुधा तीन-चार बिरुदे एका दमात घेतली जातात: छायाचित्रकार, संस्थापक, शिक्षक, 'छोबी मेला' या आंतरराष्ट्रीय छायाचित्र महोत्सवाचे जनक. ही कामे वेगवेगळी मोजली, तर त्यांच्या कारकिर्दीतील मुख्य धागा हातून निसटतो. छायाचित्र टिपणे आणि ते लोकांना पाहता येईल अशी जागा मिळवणे, ही त्यांच्या लेखी एकाच कामाची दोन अंगे आहेत. पहिले अंग कॅमेऱ्याने साधते. दुसऱ्यासाठी इमारत लागते, शाळा लागते, महोत्सव लागतो आणि प्रसंगी न्यायालयाचा दरवाजाही ठोठवावा लागतो.

१९५५ मध्ये ढाक्यात जन्मलेले आलम तरुणपणी इंग्लंडला गेले ते विज्ञान शिकण्यासाठी. लंडन विद्यापीठातून त्यांनी सेंद्रिय रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. कॅमेरा त्यांच्या हाती आला तो जवळजवळ अपघाताने. १९८० मध्ये उत्तर अमेरिकेच्या प्रवासाला निघताना एका मित्राने त्यांना कॅमेरा आणायला सांगितले. परतल्यावर मित्राकडे पैसे नव्हते, म्हणून कॅमेरा त्यांच्याजवळच राहिला. त्या काळी लंडनमधील डाव्या चळवळीच्या प्रचारकार्यात वावरताना छायाचित्राचा लोकांवर किती चटकन परिणाम होतो, हे त्यांच्या ध्यानात आले. प्रयोगशाळेतील कारकीर्द समोर उभी असताना १९८४ मध्ये ते ढाक्याला परतले.

तेव्हा बांगलादेशात जनरल इर्शाद यांची लष्करी राजवट होती. तिच्याविरुद्धचे आंदोलन १९९० च्या डिसेंबरात यशस्वी होईपर्यंत आलम रस्त्यावर छायाचित्रे घेत राहिले. १९८८ च्या महापुरात ढाक्यातील पाण्यातून वाट काढणारी स्त्री त्यांनी टिपली आणि त्याच काळात एका मंत्र्याच्या मुलीच्या थाटामाटाच्या लग्नातील पाहुणेही टिपले. इर्शाद गेल्यावर १९९१ मध्ये झालेल्या निवडणुकीत मतपेटीपाशी एकटी उभी असलेली स्त्री, हे त्यांचे त्या काळातील सर्वांत बोलके चित्र म्हणावे लागेल. ही छायाचित्रे आजही नेटकी वाटतात. परंतु स्पष्ट बोलायचे तर जगभरच्या सामाजिक वृत्तछायाचित्रणाच्या रुळलेल्या वाटेवरचीच ती आहेत. त्यांचे खरे स्वतंत्र काम पुढे यायचे होते.

या काळात त्यांना एक प्रश्न छळत होता. पाश्चात्त्य वृत्तसंस्थांना बांगलादेशची छायाचित्रे हवी असत. पण ती पूर, वादळ, उपासमार यांचीच. उत्तर आयर्लंडमध्ये मित्रांकडे उतरले असतानाचा एक प्रसंग आलम अनेकदा सांगतात. त्यांनी खिशातून नाणी काढून ठेवली, तेव्हा त्या घरातील पाचएक वर्षांची मुलगी चकित झाली. हे बांगलादेशचे, मग यांच्याकडे पैसे कसे, हा तिचा निरागस प्रश्न होता. त्या मुलीने बांगलादेश पाहिला नव्हता. तिने त्याची छायाचित्रे पाहिली होती. ती छायाचित्रे कोण काढतो, कोण निवडतो आणि कोण विकतो, या प्रश्नांची उत्तरे लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क या शहरांतच सापडत होती.

१९८९ मध्ये ढाक्यात स्थापन झालेली 'दृक' ही त्यावरची त्यांची पहिली कृती. आपल्या 'दृक्‌श्राव्य' या शब्दातील 'दृक्' तोच. स्थानिक छायाचित्रकारांचे काम जपणारा, छापणारा आणि जगाला विकणारा हा संग्रह. त्यालाच पुढे कलादालन जोडले गेले. १९९० च्या दशकात, बांगलादेशात इंटरनेटचा पत्ता नव्हता तेव्हा, दृकने ई-मेलची सोयही उभी केली. परदेशी संपादकांशी रोजचा संपर्क असल्याशिवाय छायाचित्रांचा धंदा चालत नाही, हे त्यामागचे साधे कारण होते. 'तिसरे जग' हा शब्द आलम यांना मान्य नव्हता. जगातील बहुसंख्य लोक जिथे राहतात त्याला तिसरे का म्हणायचे, असे विचारून त्यांनी 'मेजॉरिटी वर्ल्ड', म्हणजे बहुसंख्यांचे जग, हा शब्द रूढ करण्याचा आग्रह धरला.

१९९८ च्या डिसेंबरात 'पाठशाला' सुरू झाली. दक्षिण आशियात छायाचित्रणाचे गांभीर्याने शिक्षण देणाऱ्या संस्था तेव्हा बोटावर मोजण्याइतक्याही नव्हत्या. मुनेम वासिफ, सरकेर प्रतीक, अबीर अब्दुल्ला ही पुढे जगभर पोचलेली नावे या शाळेतून घडली. २०१३ मध्ये राणा प्लाझा ही कापड कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली, तेव्हा ढिगाऱ्यात एकमेकांच्या मिठीत मृत्यू आलेल्या दोघांचे छायाचित्र साऱ्या जगाने पाहिले. ते टिपणाऱ्या तस्लिमा अख्तर याही पाठशालेच्याच. नाण्यांकडे पाहून चकित झालेल्या त्या मुलीला उत्तर द्यायचे तर एकट्याच्या कॅमेऱ्याने ते जमणारे नव्हते.

आणि मग मेळा. मराठी कानाला 'मेला' हा शब्द दचकवतो खरा. पण बंगालीतील 'छोबी मेला' म्हणजे आपल्या भाषेत छबींचा मेळा. छायाचित्र महोत्सवाची कल्पना मूळची युरोपची. फ्रान्समधील आर्ल येथे १९७० पासून असा महोत्सव भरतो आणि जगातील छायाचित्रकार तिथे आपली वही बगलेत मारून संपादकांच्या भेटीसाठी ताटकळतात. तिथवर जाण्याचे भाडे ज्याच्यापाशी नाही, त्याचे काम कोणी पाहत नाही. आलम यांनी हा ओघ उलटा फिरवायचे ठरवले. युरोप-अमेरिकेतील नामवंतांनी ढाक्याला यावे, त्यांची चित्रे नेपाळ, भारत, आफ्रिका, लॅटिन अमेरिका येथील कामाच्या शेजारी लागावीत आणि ती पाहायला तिकीट नसावे. दक्षिण आशियातील या धर्तीच्या या पहिल्या महोत्सवाचा आरंभ २००० साली झाला आणि पुढे तो साधारणपणे दर दोन वर्षांनी भरू लागला. प्रत्येक वेळी त्याला एक सूत्र असते. 'प्रतिकार', 'सीमा', 'स्वातंत्र्य', 'जवळीक' ही त्यांपैकी काही.

पहिल्याच खेपेला ठेच लागली. १९७१ च्या मुक्तियुद्धाची जगभरच्या छायाचित्रकारांनी टिपलेली चित्रे एकत्र आणून 'विसरलेले युद्ध' अशा आशयाचे प्रदर्शन ढाक्याच्या राष्ट्रीय संग्रहालयात भरवायचे ठरले होते. त्यातील काही चित्रे काढून टाकावीत, असा सरकारचा आग्रह होता. आलम यांनी तो मानला नाही आणि अगदी ऐन वेळी सारे प्रदर्शन दृकच्या दालनात हलवले. बाहेरच्याला याचे नवल वाटेल. ज्या युद्धातून देश जन्मला त्याच्या चित्रांची सरकारला भीती का वाटावी? परंतु १९७१ च्या चित्रसंग्रहात केवळ शौर्य नाही. विजयानंतर दोन दिवसांनी ढाक्यात मुक्तिवाहिनीच्या लोकांनी बंदिवानांना संगिनी भोसकून मारले. ते टिपणाऱ्या होर्स्ट फास आणि मिशेल लॉराँ यांच्या छायाचित्रांना पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. कोणत्याही राष्ट्राची अधिकृत आठवण आणि छायाचित्रांची पेटी यांत असे अंतर असतेच. ते भरून काढण्यासाठी पेटीतून काही काढून टाकणे, हा नेहमीचा उपाय.

या प्रसंगाने महोत्सवाला एक व्यावहारिक शहाणपण दिले. सरकारी दालन मिळाले तर उत्तम. पण हाताशी स्वतःची जागा हवी. याच विचाराला जोडून दुसरी गोष्ट घडली. ढाक्यातील सामान्य माणूस कलादालनाची पायरी चढत नाही, हे उघड होते. तेव्हा सायकल-रिक्षांच्या गाड्यांवर छायाचित्रे लावून ती शहरभर फिरवण्यात आली. बाजारात, शाळेच्या मैदानात, वस्तीच्या तोंडाशी गाडी उभी राही आणि लोक गोळा होत. भाजीची गाडी थांबावी तशी थांबलेली ही छायाचित्रांची गाडी, ही छोबी मेल्याने महोत्सवांच्या जगाला दिलेली सर्वांत आनंदाची देणगी आहे. दिल्लीत २०११ पासून आणि काठमांडूत २०१५ पासून भरू लागलेल्या छायाचित्र महोत्सवांनीही दालनाच्या भिंती सोडून उद्याने आणि जुन्या गल्ल्या गाठल्या. वाट अर्थातच ढाक्याने मळलेली होती.

या साऱ्या खटाटोपात छायाचित्रकार आलम यांचे काय झाले? संस्था उभारणाऱ्या कलावंताची कला मागे पडते, असा सर्वसाधारण अनुभव. येथे काहीसे उलटे घडले. २००३ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेच्या आंतरराष्ट्रीय परीक्षक मंडळाचे ते अध्यक्ष होते. त्या आसनावर बसलेले ते पहिले गौरेतर. वृत्तछायाचित्रणाच्या शिखरावर असतानाच त्यांना त्याची मर्यादा जाणवू लागली असावी. वृत्तछायाचित्रासाठी छायाचित्रकार घटनास्थळी हजर असावा लागतो. जिथे कोणालाच हजर राहू दिले जात नाही, तिथे काय करायचे?

'क्रॉसफायर' हे त्याचे उत्तर होते. २००४ मध्ये बांगलादेशात 'रॅपिड अॅक्शन बटालियन' हे विशेष दल स्थापन झाले. त्याच्या हातून माणसे मरू लागली आणि प्रत्येक वेळी प्रसिद्धीपत्रकाचा मजकूर जवळपास तोच असे: अटकेतील आरोपीला शस्त्रे हुडकायला रात्री नेले, साथीदारांनी गोळीबार केला, दोन्हीकडच्या गोळीबारात आरोपी ठार झाला. मुंबईकर वाचकाला याचा फारसा खुलासा करावा लागू नये. 'एन्काउंटर' हा शब्द या महानगराच्या बोलीत असाच मुरला आहे. आलम आणि त्यांचे सहकारी प्रकरणामागून प्रकरण अभ्यासत गेले. साक्षी, बातम्या, जागा, वेळ यांची नोंद झाली. मग घटना ज्या ठिकाणी घडली त्यासारख्या जागी, रात्रीच्या त्याच प्रहरी, त्यांनी छायाचित्रे घेतली. प्रकाश विजेरीचा. मरणाऱ्याला अखेरच्या क्षणी जे दिसले असेल तेवढेच पाहणाऱ्याला दिसते. पेरू देशातील कलासमीक्षक होर्हे व्हिल्याकोर्टा यांनी ही मांडणी केली आणि चित्रांच्या जोडीला प्रकरणांच्या नोंदी असलेला नकाशाही ठेवण्यात आला. सत्ता जे नाकारते त्याचा पुरावा म्हणून ही चित्रे न्यायालयात टिकणार नाहीत. पोलिसांना तरीही ती कुलूप लावण्याजोगी वाटली, यातच त्यांचे सामर्थ्य कळते.

पोलिसांच्या कारवाईविरुद्ध दृकने उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने सरकारकडे खुलासा मागितल्यावर पहारा उठला आणि महिनाअखेरीस प्रदर्शन लोकांसाठी खुले झाले. पुढे ते न्यूयॉर्कच्या क्वीन्स संग्रहालयातही गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये, तिबेटवरील प्रदर्शनासाठी याच दालनाला पोलिसांनी टाळे लावले होते. तेव्हा आक्षेप चिनी दूतावासाचा होता. दार बंद, म्हणून उद्‌घाटन रस्त्यावर, हा प्रकार दृकला एव्हाना अंगवळणी पडला होता. या विशेष दलावर अमेरिकेने निर्बंध घातले ते २०२१ च्या डिसेंबरात, म्हणजे प्रदर्शनानंतर अकरा वर्षांनी.

त्यानंतरचे त्यांचे काम आणखी शांत आणि अधिक अस्वस्थ करणारे आहे. चितगाव डोंगराळ प्रदेशातील आदिवासी स्त्रियांच्या संघटनेची तरुण कार्यकर्ती कल्पना चकमा हिचे १२ जून १९९६ च्या पहाटे तिच्या घरातून अपहरण झाले. लष्करी अधिकाऱ्यावर आरोप झाला; कल्पना पुन्हा कोणाला दिसली नाही. सतरा वर्षांनी, २०१३ मध्ये, आलम यांनी तिच्या मागे राहिलेल्या वस्तूंचा, न्यायवैद्यक तपासनीसाने पाहावे तितक्या जवळून, छायाचित्रांतून वेध घेतला. इतकी वर्षे बाजूला पडलेला रसायनशास्त्रज्ञ येथे पुन्हा कामाला लागल्यासारखा वाटतो. २०१५ मधील 'कल्पनाज वॉरियर्स' या प्रदर्शनात तिच्यासाठी लढत राहिलेल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. मात्र त्या कागदावर छापल्या नव्हत्या. गवताच्या चटयांवर लेसर किरणांनी जाळून त्या उमटवल्या होत्या. कल्पनाच्या घरात सामान जवळजवळ नव्हते. ती जमिनीवर चटई टाकून झोपत असे. त्या डोंगरांत घरे जाळली गेली होती, म्हणून चित्रही जाळूनच काढायचे. अंधाऱ्या खोलीत छतापासून लोंबणाऱ्या त्या चटयांतून प्रेक्षक मेणबत्त्यांच्या उजेडात वाट काढत जाई. माध्यम आणि विषय यांचा इतका निकट संबंध समकालीन छायाचित्रकलेत क्वचितच आढळतो. कल्पनाच्या अपहरणाचा खटला रांगामाटीच्या न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये निकाली काढला. कोणालाही शिक्षा झाली नाही.

आलम यांच्यावर टीका होत नाही असे नाही. कलेवर चळवळ कुरघोडी करते, हा आक्षेप जुनाच. त्यात तथ्य आहे. त्यांच्या काही प्रदर्शनांत मजकुराने चित्राला पाठीशी घेतलेले दिसते आणि मजकूर काढला तर चित्र एकटे उभे राहत नाही. पण चटयांवरच्या प्रतिमांना हा आक्षेप लागू पडत नाही.

५ ऑगस्ट २०१८ च्या रात्री मात्र प्रदर्शनाऐवजी प्रदर्शकालाच उचलण्यात आले. बसखाली दोन विद्यार्थी चिरडले गेल्यानंतर ढाक्यातील शाळकरी मुले रस्ता सुरक्षिततेसाठी रस्त्यावर उतरली होती. आलम त्यांची छायाचित्रे घेत होते. 'अल जझीरा' वाहिनीला मुलाखत देऊन त्यांनी सरकारवर कठोर टीका केली आणि काही तासांतच साध्या वेशातील माणसांनी त्यांना धानमंडीतील घरातून नेले. दुसऱ्या दिवशी न्यायालयात आणले तेव्हा ते अनवाणी होते आणि धड चालू शकत नव्हते. आपल्याला मारहाण झाल्याचे त्यांनी सांगितले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ५७ व्या कलमाखाली गुन्हा नोंदवला गेला. १०७ दिवस ते तुरुंगात होते. त्यांच्या सहचारिणी, मानववंशशास्त्रज्ञ आणि लेखिका रेहनुमा अहमद यांनी बाहेर लढा चालवला. १९७१ च्या निर्वासितांची छायाचित्रे घेतल्याबद्दल ज्यांचा बांगलादेशने गौरव केला होता, त्या रघू राय यांनी शेख हसीना यांना खुले पत्र लिहून सुटकेची विनंती केली. अमर्त्य सेन यांनीही आवाज उठवला. २० नोव्हेंबरला आलम जामिनावर बाहेर आले. 'टाइम' साप्ताहिकाने त्या वर्षीचा सन्मान छळ सोसणाऱ्या पत्रकारांना दिला, त्यात त्यांचाही समावेश होता.

सुटकेनंतर जेमतेम शंभर दिवसांनी, २८ फेब्रुवारी २०१९ रोजी, दहावा छोबी मेला सुरू झाला. सूत्र होते 'जागा'. योगायोग म्हणावा तर फारच चपखल. महोत्सवाचे मोठे केंद्र होते दृक आणि पाठशाला यांच्यासाठी पांथपथ येथे उभी राहत असलेली इमारत. ती तेव्हा अपुरीच होती. उघड्या सिमेंटच्या भिंतींवर चित्रे लागली. ५ मार्चला अरुंधती रॉय आणि आलम यांचा जाहीर संवाद ठरला होता. आदल्या रात्री पोलिसांनी सभागृहाची परवानगी काढून घेतली. संयोजकांनी धानमंडीत दुसरे सभागृह गाठले आणि कार्यक्रम त्याच दिवशी पार पडला. जवळजवळ वीस वर्षांच्या सरावाने आलेली ही चपळाई.

महोत्सवाच्या मांडणीची सूत्रे दरम्यान तन्झीम वहाब, मुनेम वासिफ, सरकेर प्रतीक अशा पुढच्या पिढीकडे गेली आहेत. ५ ऑगस्ट २०२४ रोजी, आलम यांच्या अटकेला बरोबर सहा वर्षे होत असताना, विद्यार्थ्यांच्या उठावापुढे शेख हसीना यांनी देश सोडला. जानेवारी २०२५ मध्ये अकरावा छोबी मेला भरला आणि ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने २०१८ चा खटला रद्द ठरवला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सत्तरीतील आलम गाझाकडे निघालेल्या पत्रकार आणि वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या 'कॉन्शन्स' या जहाजावर होते. ८ तारखेला इस्रायली सैन्याने जहाज अडवून साऱ्यांना ताब्यात घेतले. ११ ऑक्टोबरला ते ढाक्यात परतले.